काटाच आहे, काकी

उदय,

काल आपल्या हॉस्पिटलात तुझी शोकसभा झाली. मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, मी बोलले नाही. पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले, तर लोकांना वाटलं बाई दुःखात बुडाल्यात. खरं सांगू? झोप येत होती रे. तू गेल्यापासून दिवसभर झोप येते आणि पाठ टेकली की पळून जाते. माइकवर एकेक जण येऊन तुझं वर्णन करत होता. शांत. मितभाषी. आपण बरं नि आपलं काम बरं. मितभाषी, आणि तू! तुझा फोन ठेवायला मला दर वेळी "अरे, ऑपरेशन थिएटरातून बोलावतायत" अशी थाप मारावी लागायची. मग कोणीतरी म्हणालं की डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. तेव्हा मात्र मी डोळे उघडले. शेजारी तुझी बायको बसली होती. नीलाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर आम्ही दोघी रुमाल तोंडावर दाबून हसलो. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी आमच्या पाठीवरून हात फिरवला.

तिथे बोलणार तरी काय होते? मला भाषण करायचं नव्हतं, तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि कुठलं ते तुला माहितीये. माझ्या वॉर्डातल्या परबकाकींचं. त्याचा निकाल आज सकाळी लागला. सवयीने मी फोन उचलला आणि तुझं नाव दाबलंसुद्धा. नीलाने उचलला. म्हणाली, "वैजू, जेवलीस का?" म्हटलं, "अगं, आत्ताशी सकाळ आहे." ती म्हणाली, "हो का? मला वाटलं दुपार झाली."

अशी आमची अवस्था आहे. म्हणून आता घरी येऊन लिहायला बसले.

तू रेडिऑलॉजिस्ट, मी सर्जन. तू आतली चित्रं वाचायचास, मी आत हात घालायचे. शिकायला एकाच वर्षी परळला आलो आणि इथेच राहिलो. मी दादरची, आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. तू गिरगावचा, खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहणारा, सोमवार-गुरुवार माशांविना कसेबसे काढणारा. पहिल्याच महिन्यात तू मला म्हणालास, "वैजू, मुंबईत पोटं उघडणार आणि तुला करली ठाऊक नाही? कमाल आहे तुझी." नव्हती ठाऊक. तू कागदावर मासा काढलास आणि त्यात इतके काटे भरलेस की मासा दिसेनासा झाला.

शिवडीचा तो मुकादम आठवतो? गोदीजवळच्या गोडाउनमधला. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, आमच्या अख्ख्या युनिटने अपेंडिक्स म्हणून शिक्का मारून टाकला होता. तू त्याचा एक्स-रे घेऊन वर आलास. एक्स-रेत काही नव्हतं, आणि 'काही नाही' हे सांगायला फोन पुरला असता. पण तुला माणूस बघायचा होता. तुझ्या खात्यातले बाकीचे अंधाऱ्या खोलीत बसून रिपोर्ट लिहायचे आणि तू चपला फटफटवत वॉर्डात. माझं त्याला रीतसर विचारून झालं होतं, "काही गिळलंत का?" त्यानेही रीतसर "नाही" म्हटलं होतं. तू त्याच्या कॉटवर टेकलास आणि विचारलंस, "शेवटची करली कधी खाल्ली?"

"गेल्या रविवारी."

"काटा लागला?"

"लागला ना. बायकोने सुक्या भाताचा गोळा दिला, गिळला, उतरला."

"उतरून गेला कुठे?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. काटा घशातून उतरला की संपला. पुढे तो कुठे जातो याच्याशी कोणाला काय करायचंय? आणि दुखायला लागतं ते कितीतरी दिवसांनी, तोवर जेवण विसरलेलं असतं. पोट उघडलं तर अपेंडिक्स बिचारं ठीकठाक होतं, आणि त्याच्यापासून वीतभरावर लहान आतड्यातून काट्याचं टोक बाहेर आलं होतं.

त्या दिवशी कँटीनमध्ये तू मला जे लेक्चर दिलंस, ते मी अजून माझ्या विद्यार्थ्यांना देते. "'गिळलं का' विचारलं की माणसाला नाणं आठवतं, बटण आठवतं, पोराने तोंडात घातलेली बॅटरी आठवते. काटा कोण गिळतं गं? तो जेवणात जातो. तू मासा विचार, वार विचार, भाताचा गोळा विचार." तेव्हापासून मी, जन्मात मासा न चाखलेली बाई, पेशंटना बांगडा की तारली ते विचारत आले. आमच्या दादरच्या नातेवाइकांना कळलं तर माझ्या पंक्तीतून उठून जातील.

पुढे सीटी आलं आणि तुझी आणखी एक कटकट सुरू झाली. सीटीच्या आधी पेशंटला पांढरं औषध पाजायची पद्धत, म्हणजे आतडी नीट दिसतात. तू रेसिडेंट डॉक्टरांवर लांबूनच ओरडत यायचास, "पाजू नका रे ते! सगळं पांढरं झाल्यावर त्यात काटा काय डोंबल दिसणार?" अख्खा कॉरिडॉर वळून बघायचा. काल माइकवर 'मितभाषी' म्हणणारे गृहस्थ तेव्हा त्याच कॉरिडॉरमध्ये असायचे.

पण दर वेळी तुझंच खरं व्हायचं असं नाही हं. नायगावच्या त्या रिटायर्ड हवालदारांच्या पोटात तू छातीठोकपणे काटा सांगितलास आणि मी काढलं काय, तर गोळीच्या पाकिटाचा चौकोनी तुकडा. घरच्यांनी सोयीसाठी पाकीट कापून एकेक गोळी सुटी केली होती, आणि चष्मा सापडेना म्हणून त्यांनी गोळी पाकिटासकट गिळली. काय ते धारदार कोपरे! तू काय म्हणालास? "आत काहीतरी टोचतंय, एवढं बरोबर सांगितलं की नाही?" हरलो असं कधी तोंडातून काढलं नाहीस, मेल्या. मीही कधी काढलं नाही म्हणा.

परबकाकी आल्या तेव्हा तू होतास. नायगावची चाळ पाडायला काढल्यावर मुलगा-सुनेबरोबर तात्पुरत्या जागेत राहायला गेलेल्या, सत्तरीच्या, वरची कवळी, अंगाने काडी. पोटात डावीकडे दुखणं, येऊन-जाऊन ताप, वजन उतरलेलं, हाताला लागणारी गाठ. सीटीत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर जाड सूज. दुर्बिणीने बघायला गेले तर नळी पुढे जाईना. तुकडा काढून तपासला, त्यातही नुसती सूज. तरी मी म्हटलं कॅन्सर. या वयात, या जागी, असं दिसलं की कॅन्सर धरूनच चालायचं, असंच मी शिकले आणि असंच शिकवते. तू त्या सीटीचे सगळ्यात पातळ काप पुन्हा काढून बघितलेस आणि मला खाली बोलावलंस. स्क्रीनवर बोट ठेवलंस. केसाएवढी पांढरी रेघ. मला ती दिसली, पण आतड्यात सुकलेला मळ असतो, रक्तवाहिनीत साठलेला चुना असतो, रेघ कशाचीही उमटते.

"काटा आहे," तू म्हणालास.

"तुला देवळाच्या कळसावरही काटा दिसेल," मी म्हटलं.

मग तू वर आलास, काकींच्या कॉटवर टेकलास आणि तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास. हा प्रसंग खरं तर काल सभेत सांगायला हवा होता, असं आता वाटतंय.

"काकी, मासे कधी खाल्लेत?"

"मासे? नाय हो. किती महिन्यांत मासे नाय खाल्लंय."

मी तुझ्याकडे बघितलं, बघ म्हणून. तू हलला नाहीस. "घरात मासे येतच नाहीत?"

"येतत मां. दर आयतवारी सुरमई येता. तुकडे झिलाक नि पोरांका. माका डोक्याचा सार पुरता."

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, पण हसला नाहीस. जन्मभर घरातल्यांना तुकड्या वाढायच्या आणि सगळ्यांची पानं उचलल्यावर आपण डोकं चोखत बसायचं. त्या बाईच्या लेखी ती मासे खातच नव्हती. आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं, तिने सगळ्यांना नाही सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वर कवळी, म्हणजे टाळूला काटा लागतही नाही. जिना उतरताना तू म्हणालास, "वैजू, आमच्या घरी आईसुद्धा डोकंच खायची. तिला ते आवडतं का, मी कधी विचारलं नाही." आणि पुढचे सगळे मजले गप्प उतरलास. तेवढा एकदा झालास हो मितभाषी.

पण भांडण त्याने संपलं नाही, वाढलंच. तुझं म्हणणं, काटा आहे तर तेवढाच तुकडा काढ, जोड, मोकळी हो. या वयात त्या बाईला मोठं ऑपरेशन कशाला? "तू कचाकचा कापशील, पोटाला शौचाची पिशवी लावशील, आणि आत निघेल सुरमईचा काटा. मग काय तोंड दाखवशील?" माझं म्हणणं, "आणि तुझ्या काट्यावर भरवसा ठेवून मी छोटं कापलं नि कॅन्सर आत राहिला, तर? तेव्हा तू कुठे असशील?" आपण लिफ्टसमोर उभे राहून भांडलो. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली.

तिथवर ठीक होतं. अशी भांडणं आपण आयुष्यभर केली, आणि त्यातून पेशंटचं बहुतेकदा भलंच झालं. पण तू दुसऱ्या दिवशी मला न विचारता वॉर्डात गेलास, आणि काकी रडत होत्या म्हणून त्यांचा हात धरून सांगून आलास, "घाबरू नका. काटाच आहे, काकी. दुसरं काही नाही." मी राऊंडला गेले तर बाई उठून बसलेली, केस विंचरलेले, सुनेला म्हणत होती घरून चहा आण. मला म्हणाली, "त्या डॉक्टरांनी सांगितल्यानी, काटोच आसा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुला खाली येऊन इतकी बोलले, इतकी बोलले की तुझ्या खात्यातले लोक खोली सोडून गेले. कोणी सांगितलं होतं तुला पेशंटशी बोलायला? तुम्ही चित्रं वाचणारे. कॉटच्या कडेला बसून वाईट बातमी सांगायची वेळ तुमच्यावर कधी येते? गोड बातमी तू द्यायची आणि कडू मी, हे कुठलं वाटप?

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "दुसरं काही निघालं तर मीच येईन सांगायला. मी बोललोय, मी निस्तरेन. शब्द आहे."

आणि त्याच आठवड्यात तू गेलास. सकाळी आंघोळ करून बाहेर आलास, नीलाला म्हणालास छातीत कसंतरी होतंय, खुर्चीत बसलास, संपलं. मी पोचले तेव्हा तुझे केस अजून ओले होते. मला रडू नाही आलं, राग आला. चंदनवाडीच्या स्मशानात सगळे हात जोडून उभे आणि मी मनातल्या मनात तुला शिव्या देतेय. स्वतःची तपासणी कर, तपासणी कर, म्हणून किती वर्षं ओरडतेय मी? "रोज लोकांचं आतलं बघतो, आता स्वतःचं कशाला?" म्हणे. शहाणाच की नाही! आणि वर शब्द देऊन ठेवलेला. काकी माझ्या वॉर्डात, ऑपरेशन ठरलेलं, स्क्रीनवर तुझी रेघ, आणि ज्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटत होतं तो समोर पांढऱ्या चादरीत.

ऑपरेशन पुढे ढकलता आलं असतं. पण ताप चढत होता, म्हणून नाही ढकललं. पोट उघडलं. सूज, चिकटलेली चरबी, थोडा पू. चाचपडत गेले आणि ग्लोव्हजमधून बोटाला टोचलं.

काटा होता, उदय. पातळ, पिवळट, आतड्याची भिंत फोडून अर्धा बाहेर आलेला. टेबलाभोवतीचे सगळे एकदम ओरडले, "सरांचा काटा!" भूल देणाऱ्या मॅडमनी डोळे पुसले. मी नाही पुसले. माझे हात आत होते.

आता सगळं सोपं होतं. गाठीचं कारण सापडलं होतं. तेवढा तुकडा काढायचा, टोकं जोडायची, बंद. सगळ्यांना तेच हवं होतं आणि मलाही तेच हवं होतं. तू बोललास तसं झालं, असं म्हणून हात धुवायला गेले असते तर किती बरं वाटलं असतं मला. झोप नव्हती, पाय भरून आले होते, डोकं चालत नव्हतं. पण काटा बाजूला ठेवला आणि मी पुन्हा हात घातला. ही बाई आयुष्यभर सुरमईची डोकी खात आली. एवढे काटे आले आणि गेले, मग हाच का अडकला, आणि इथेच का? वाट मुळात अरुंद असल्याशिवाय? टीबीने आवळलेल्या आतड्यात अडकलेला एक काटा आपण फार पूर्वी बघितला होता, तेव्हा तूच मला हे ऐकवलं होतंस. सुजेखाली काहीतरी कडक लागत होतं. नुसती सूजही तशीच लागते, हाताला फरक कळत नाही. तुझ्या उत्तरावर थांबायचं की तुझ्याच प्रश्नाच्या मागे जायचं, काही सुचेना. शेवटी मी मोठं कापलं. दोन्हीकडे भरपूर जागा ठेवून, आजूबाजूच्या ग्रंथींसकट. जोडणी बसली, पिशवी लावावी लागली नाही, हे नशीब.

पण ऑपरेशन लांबलं. काकींना आयसीयूत ठेवावं लागलं, खोकला झाला, टाक्यांतून पाणी आलं. मी रोज तिथे उभी राहायचे आणि मनात तेच: काटा हातात आला होता ना, मग म्हातारीला एवढं कशाला कापलं? उदयपुढे हरायचं नाही म्हणून? माझ्याशी तसं कोणी बोललं नाही. तू असतास तर पहिल्याच दिवशी बोलला असतास, आणि मी भांडून मोकळी झाले असते. मनातल्या मनात भांडणं फार थकवतं रे.

शुद्धीवर आल्यावर काकींनी पहिल्यांदा तुला विचारलं. मी सांगितलं, रजेवर आहेत. मग रोज विचारायच्या, मी रोज रजा वाढवायचे.

आज सकाळी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. काटा, काट्याभोवती सूज. आणि त्या सुजेच्या आत, जिथे आतडं अरुंद झालं होतं तिथे, कॅन्सर. लहान. आतड्याच्या भिंतीतच होता, पुढे गेलेला नव्हता. कडा स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ. मी तो रिपोर्ट उभ्याउभ्या वाचला आणि मग बसून वाचला. तू बरोबर होतास आणि मीही बरोबर होते. आयुष्यात पहिल्यांदा आपलं भांडण असं सुटलं आणि मला आनंद कसा तो झाला नाही. कोणाला चिडवू? कोणाकडून चिडवून घेऊ?

मुलाला बोलावून सांगितलं. सगळं निघालंय, पुढे वेळोवेळी तपासत राहू, हेही सांगितलं. त्याने हात जोडले. "मॅडम, आईला नका सांगू. तिला काटाच वाटू दे." माझा हट्ट तुला ठाऊक आहे. पोट ज्याचं, त्याला सांगायचं; घरचे कितीही रडले तरी. मुलाला म्हटलं, तुमच्या आईला पुढची कित्येक वर्षं तपासायला यायचंय, काय म्हणून आणणार तिला? पण खरं सांगते, आज माझेच पाय जड झाले होते. तिला कॅन्सर सांगायचा म्हणजे तुला खोटं पाडायचं. आणि तू स्वतःची बाजू मांडायला नाहीस. तुझं शेवटचं बोलणं त्या बाईजवळ आहे, तिने ते जपून ठेवलंय, आणि मी जाऊन ते काढून घ्यायचं?

दुपारी गेले. मुलगा दाराशीच थांबला. काकी उशीला टेकून मोसंबं सोलत होत्या. मी कॉटच्या कडेला बसले, तू बसायचास तशी.

"डॉक्टरीणबाई, ते काट्याचे डॉक्टर खंय आसत? एवढी कसली रजा?"

मला आणखी एक थाप मारता येईना. म्हटलं, "काकी, डॉक्टर उदय वारले. तुमच्या ऑपरेशनच्या आधीच."

त्यांनी मोसंबं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "माका म्हणाले, काटोच आसा. काटो होतो मां?"

"होता काकी. मी माझ्या हाताने काढला."

"मगे खोटा नाय बोलले ते."

इथे थांबता आलं असतं. दाराशी मुलगा मान हलवत होता, नको म्हणून. मी त्याच्याकडे पाठ केली.

"काकी, त्याने स्वतःवर एक काम घेतलं होतं. काट्याबरोबर दुसरं काही निघालं तर मीच येऊन सांगेन म्हणाला होता. तो नाही, म्हणून मी आलेय."

"काय निघाला?"

"गाठ होती. कॅन्सरची. लहान होती. तिच्यामुळे वाट अरुंद झाली, म्हणून काटा तिथे अडकला. काटा टोचला म्हणून तुम्ही आलात. नाही तर ती आत वाढत राहिली असती आणि कोणाला कळलं नसतं." माझा आवाज मला ऐकू येत होता, आणि तो धड नव्हता. "सगळी काढली. आता दिसत नाही कुठे. पण तुम्हाला दर काही महिन्यांनी यायला लागेल, मी तपासणार."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता कोसळतील. त्यांनी पोटावरच्या पट्टीवर अलगद हात ठेवला. मग डोळे उघडले.

"म्हणजे काटोव होतो नि गाठव होती."

"हो."

"नि दोनय निघाली."

"दोन्ही निघालं, काकी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. हात पुढे केला आणि माझा दंड धरला. मुठीत जोर नव्हता, पण सोडला नाही.

"मगे बरा झाला मां," म्हणाल्या. "तुमी कशाक रडतास?"